मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यासाठी संगणकाचे कॅबिनेट

नमस्कार. घरच्या संगणकासाठी नवे कॅबिनेट घ्यायचे आहे. आतले सर्व भाग जुनेच राहतील. मदरबोर्ड मायक्रो-एटीएक्स, म्हणजे २४४ × २४४ मिलिमीटरचा आहे, प्रोसेसरवरचा उभा कूलर १५५ मिलिमीटर उंच आहे आणि ग्राफिक्स कार्ड दोन पंख्यांचे आहे.

सध्याच्या कॅबिनेटची पुढची बाजू प्लास्टिकने बंद असून हवा केवळ खालच्या फटीतून आत येते. व्हिडिओ संपादन चालू असताना बाजूचे झाकण काढले, तर प्रोसेसरचे तापमान थोड्याच वेळात दहाएक अंशांनी उतरते; त्यावरून दोष कूलरचा नसून हवेच्या वाटेचा आहे, असे मला वाटते. म्हणून पुढून जाळीचे कॅबिनेट घ्यावे, असा विचार आहे. बर्डीवरच्या दुकानांत मात्र पुढून काच असलेलीच अधिक दाखवतात, आणि त्या काचेमागचे रंगीत पंखे हवा कोठून ओढणार, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

माझी खरी अडचण धुळीची आहे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि खोलीत दिवसभर डेझर्ट कूलर चालतो, त्यामुळे दमट हवेतली बारीक धूळ पंख्यांच्या पात्यांवर आणि प्रोसेसरवरच्या कूलरच्या पत्र्यांमध्ये चिकटून बसते, ती नुसत्या ब्रशने निघत नाही. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे व मागे एकच बाहेर टाकणारा ठेवल्यास आतला दाब किंचित जास्त राहून फटींमधून धूळ शिरत नाही, हे तत्त्व पटते. पण अशा दमट हवेत पुढची गाळणी लवकर तुंबून तोच दाब नाहीसा होत नाही का? चुंबकाने चिकटणारी, धुता येणारी गाळणी कोणी वापरली असल्यास अनुभव सांगावा.

डीव्हीडी रायटरसाठी लागणारी सव्वापाच इंची जागा नव्या कॅबिनेटांत सहसा नसते. तो यूएसबीच्या बाह्य पेटीत घालीन.

जोडणीबाबत दोन शंका आहेत. पुढच्या टाइप-सी पोर्टची वायर माझ्या मदरबोर्डवर बसणार नाही, कारण तेथे यूएसबी ३ ची १९ पिनांची जोडणीच आहे. अडॅप्टर घ्यावा की ती वायर तशीच सोडावी? आणि मदरबोर्ड हलवताना कूलर बसलेलाच ठेवावा, की वजनामुळे तो काढून, प्रोसेसर व कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नव्याने लावून पुन्हा बसवावा? कॅबिनेटसाठी पाच हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल.