ब्यूफोर्ट औरस की अनौरस? डीएनएच्या नावाने चाललेला गोंधळ

शिलालेखवेडा:
परवा एकाने इथे टाकलं की "डीएनएने सिद्ध झालं, ट्यूडर राजे लेकावळ्यांच्या वंशातले, गादी चोरलेली". डोकं उठलं म्हणून लिहितोय. इंग्लंडचा राजपुत्र जॉन ऑफ गाँट (तिसऱ्या एडवर्ड राजाचा मुलगा) आणि कॅथरीन स्विनफर्डची चारही मुलं, म्हणजेच ब्यूफोर्ट घराणं, ज्यातून ट्यूडर राजे आईकडून आले, ती लग्नाआधीची, हे कोण नाकारतंय? पण १३९६ ला दोघांनी लिंकनला रीतसर लग्न केलं, पोपने मुलांना औरस ठरवलं आणि १३९७ ला दुसऱ्या रिचर्डने पार्लमेंटमध्ये तशी सनद दिली. संपला विषय.

वकीलतात्या:
संपला कसा? चौथ्या हेन्रीने १४०७ ला त्याच सनदेत "राजपद सोडून" असं घातलं, म्हणजे बाकी सगळ्यात औरस पण गादीवर हक्क नाही, ते सोयीस्कर गाळलंत. मागाहून लग्न केल्याने आधीची मुलं औरस होत नाहीत हे इंग्लंडच्या सरदारांनी १२३६ लाच मर्टनच्या सभेत बिशपांना ठणकावलं होतं. शिवाय ही मुलं झाली तेव्हा गाँटची लग्नाची बायको कॉन्स्टन्स जिवंत होती.

शिलालेखवेडा:
पार्लमेंटपुढे झालेल्या सनदेत राजाने दहा वर्षांनी एकट्याने शब्द घुसडायचे आणि ते आपण मानायचे? आणि पहिला ट्यूडर राजा हेन्री, त्याला आई-बाप दोन्हीकडून अनौरस म्हणणारा त्याच्या आधीचा राजा तिसरा रिचर्ड, त्याची स्वतःची आजी जोन ब्यूफोर्ट! कॅथरीन त्याची सख्खी पणजी.

लेस्टरकर_मनवा:
मी इथे लेस्टरलाच राहते, काचेच्या जमिनीखालचा तिसऱ्या रिचर्डच्या कबरीचा तो खड्डा पाहिलाय, केवढासा आहे, माणूस धड सरळ मावणार नाही. २०१२ ला रिचर्डचा सांगाडा मिळाला, २०१४ ला निष्कर्ष आले. डीएनए आईच्या बाजूच्या नातलगांशी जुळलं, पण बापाच्या बाजूने, म्हणजे गाँटच्या ब्यूफोर्ट शाखेतल्या आजच्या पाच पुरुष वंशजांशी जुळलं नाही. पण तुटलं कुठे ते कळत नाही, मधे कितीतरी पिढ्या आहेत आणि त्या पाचातला एक तर बाकी चौघांशीही जुळला नाही. यावरून ट्यूडर खोटे कसे म्हणता?

वकीलतात्या:
डीएनएचं मान्य, तो मुद्दा मूळ पोस्टवाल्याचा, माझा नाही. पण वंशावळीला नियम हवेतच, नाहीतर कुणीही उठून घुसेल.

गोदाकाठ:
"घुसेल" या शब्दावर थांबले. आमच्या कुलवृत्तांतात आजोबांच्या पहिल्या बायकोची मुलं छापलीत, माझी आजी पाटाची म्हणून ती नाही, माझे वडीलही नाहीत. वडिलांनी त्या पानाच्या समासात निळ्या पेनाने आईचं नाव लिहून ठेवलंय, शाई पसरलीय पण वाचता येतं. ते घुसले का?

वकीलतात्या:
ताई, पाट म्हणजे लग्नच, ती मुलं औरसच. उलट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम १६ ने रद्दबातल लग्नातली मुलंही औरस धरलीत.

गोदाकाठ:
कोर्टात धरतात हो, छापणारे धरत नाहीत. मंडळाला तीनदा पत्रं लिहिली, उत्तर आलं "परंपरा". मग गाँटच्या पोरांना कागद मिळाला तरी लोक सहाशे वर्षं बोट दाखवतात यात नवल काय.

शिलालेखवेडा:
आमच्याकडेही हेच, चुलत आजोबांची एक अख्खी शाखाच गाळलीय. तात्या, आता बोला नियमावर.

वकीलतात्या:
माझ्यावर ओरडू नका, मी नाही छापलं ते. ताई, पुढच्या आवृत्तीसाठी अर्जाचा मसुदा मी करून देतो, समासातल्या त्या पानाचा फोटो पाठवा. १४०७ वरून मात्र मी हटणार नाही.