सेल्सच्या रिग्रेशनचा आर-स्क्वेअर ०.९३ आला, मग मॉडेल चांगलंच समजायचं ना?

प्रश्न:
५ वर्षांचा मंथली रिटेल सेल्सचा डेटा आहे, म्हणजे ६० महिने. जाहिरात खर्च, सरासरी किंमत, डिस्काउंट आणि एक ट्रेंड टाकून साधं लिनिअर रिग्रेशन केलं (म्हणजे या गोष्टींवरून सेल्सचा अंदाज देणारं सरळ रेषेचं समीकरण). आर-स्क्वेअर (मॉडेल डेटाशी किती जुळतं याचं माप) ०.९३, डर्बिन-वॉटसन (लागोपाठच्या महिन्यांच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या आहेत का ते तपासणारा आकडा) ०.७. वरिष्ठ म्हणतायत "जाहिरातीमुळे ९३% सेल्स येतो" असं रिपोर्टमध्ये लिहून टाक. मला ते पटत नाहीये पण नेमकं चुकतंय कुठे ते सांगता येत नाहीये.

उत्तर १:
अजिबात लिहू नका. ९३% सेल्सचे नाहीत, सेल्स सरासरीच्या वर-खाली जेवढा हलतो त्या व्हेरियन्सचे आहेत, आणि ते सगळ्या व्हेरिएबल्सचे मिळून, एकट्या जाहिरातीचे नाहीत. शिवाय आर-स्क्वेअर तुमच्या मॉडेलची तुलना फक्त सपाट सरासरीशी करतो, सेल्स दरवर्षी वाढतोय आणि ठरावीक महिन्यांत उसळतोय तर सरासरीला हरवणं काहीच अवघड नाही, नुसता ट्रेंड आणि सीझन टाकला तरी आकडा मोठाच येणार. आधी फक्त ट्रेंड आणि महिन्यांचे ११ डमी (एक महिना सोडून प्रत्येक महिन्यासाठी ०/१ चा कॉलम) घेऊन चालवून बघा, मग बाकीचं टाका.

उत्तर २:
मला तर तो ०.७ जास्त खटकतोय. डर्बिन-वॉटसन २ च्या आसपास लागतो, इतका कमी म्हणजे एका महिन्याची चूक पुढच्या महिन्यात तशीच सरकतेय. अशा वेळी स्टँडर्ड एरर (म्हणजे मॉडेलच्या आकड्यांमधली अनिश्चितता) सहसा खूपच लहान दिसतात आणि पी-व्हॅल्यू (परिणाम निव्वळ योगायोग असू शकतो का ते तपासणारा आकडा) बघून उगाच खात्री वाटते. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अर्थमितीतल्या संशोधकांनी १९७४ मध्येच सांगून ठेवलंय, आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा असेल तर रिग्रेशन फसवं असण्याची शंका घ्या. रेसिड्युअल (खरा सेल्स आणि मॉडेलचा अंदाज यांतला फरक) महिन्यांच्या क्रमाने प्लॉट करा, तुम्ही सीझन घेतलेलाच नाही त्यामुळे दर १२ महिन्यांनी तोच आकार दिसेल बहुतेक.

प्रश्नकर्ता:
करून पाहिलं. नुसता ट्रेंड आणि डमी: ०.९०. त्यात जाहिरात, किंमत, डिस्काउंट टाकल्यावर ०.९५. म्हणजे या तिघांचं काम फक्त ०.०५ एवढंच?

उत्तर १:
नाही नाही, इतकं कमी नका लेखू! सीझननंतर ०.१० शिल्लक होतं, त्यातलं ०.०५ या तिघांनी उचललं म्हणजे उरलेल्यातलं अर्धं, याला पार्शल आर-स्क्वेअर म्हणतात आणि तुमच्या प्रश्नाला खरं तर हाच आकडा लागतो. फक्त एक बघा, जाहिरातीचं बजेट सीझन बघूनच ठरत असेल तर जाहिरातीमुळे सेल्स वाढला की सेल्स वाढणार म्हणून जाहिरात वाढवली हे या मॉडेलमधून कळणार नाही, तिथे "मुळे" हा शब्द वापरू नका.

उत्तर २:
आणि शेवटचे १२ महिने बाजूला ठेवून उरलेल्या ४८ वर मॉडेल बसवा, मग त्या १२ महिन्यांची सरासरी चूक काढा आणि "मागच्या वर्षीचा तोच महिना" या अंदाजाच्या चुकीशेजारी ठेवा. त्यालाही हरवलं नाही तर ०.९५ घेऊन काय करणार? रिपोर्टमध्ये जाहिरातीचा कोइफिशियंट (जाहिरात खर्च एकाने वाढला तर मॉडेलनुसार सेल्स किती बदलतो तो आकडा) आणि त्याचा ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल (त्या आकड्याच्या अनिश्चिततेचा पट्टा) द्या, ऑटोकोरिलेशन (चुका पुढच्या महिन्यात सरकणं) अजून राहिलं असेल तर ते धरून काढलेले न्यूई-वेस्ट स्टँडर्ड एरर वापरून.