डार्क मॅटर म्हणजे आदिम कृष्णविवरंच, मला तर पटतंय

होटगीरोडवाला
काल रात्री लाईट गेली म्हणून गच्चीवर पडलो होतो, सोलापूरचा मे महिना, झोप कुठली. पुतण्याला सांगत होतो की तारा मरतो तेव्हा ब्लॅक होल होतं, तर पोरगं म्हणतंय "काका, तारेच नव्हते तेव्हा?" माझी बोलतीच बंद. आज वाचत बसलो तर तेव्हाही होऊ शकतात की ओ! बिग बँगनंतर पहिल्या सेकंदाच्या आतच जिथं जास्त गच्च झालं तिथं डायरेक्ट कोसळलं, ताऱ्याची भानगडच नाही, म्हणून नाव आदिम कृष्णविवरं. झेल्दोविच-नोविकोव्ह या शास्त्रज्ञांनी १९६७ ला, हॉकिंगनं १९७१ ला मांडलेली, कल्पना जुनीच आहे. मग डार्क मॅटर, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वानं जाणवतं ते द्रव्य, हेच. त्यासाठी नवीन कण इतकी वर्षं शोधतायत, घावला का एक तरी?

सातरस्ता_०७
दादा, शेंगाचटणी कुटायची नाहीये, गच्च झालं की बसलं असं नसतं. तेव्हा सगळीकडं रेडिएशन, त्याचं प्रेशर गोळ्याला बाहेर ढकलणार. त्याच्यावर मात करायला घनता आजूबाजूपेक्षा ढोबळमानाने निम्म्याने तरी जास्त पाहिजे, आणि सीएमबीत, म्हणजे बिग बँगनंतर उरलेल्या सगळ्यात जुन्या उजेडात, फरक दिसतो लाखात एक! तेवढी उसळी आणायला इन्फ्लेशनच्या, म्हणजे अगदी सुरुवातीला विश्व झपाट्यानं फुगलं त्या, गणितात मुद्दाम उंचवटा बसवावा लागतो. म्हणजे उत्तर आधी, गणित मागून.

होटगीरोडवाला
सीएमबी मोठ्या अंतरांचं सांगतं. अख्खी चादर लांबनं बघून कुठल्या धाग्यात गाठ आहे ते सांगशील का बे? आणि २०१५ ला लायगोला, म्हणजे गुरुत्वलहरी पकडणाऱ्या यंत्राला, सूर्याच्या ३६ आणि २९ पट विवरं धडकताना सापडली, एवढी जड कुठनं आली?

सातरस्ता_०७
चादरीचं मान्य. पण गाठ असू शकते आणि गाठ आहे यात फरक आहे. आणि जड तारे मरूनही तेवढी विवरं होतात, ताऱ्यात धातू, म्हणजे हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यं, कमी असली की.

चाटीगल्ली
दोघं वजनाचं विसरताय राव. विवर जितकं उशिरा झालं तितकं जड, सेकंदाला झालं तर सूर्याच्या लाखपट. साधारण ५० कोटी टनांच्या खालची हॉकिंग रेडिएशननं, म्हणजे विवरातनं हळूहळू ऊर्जा निसटून, आत्तापर्यंत विरून गेली असणार. जड असती तर ताऱ्यासमोरनं जाताना त्यांच्या गुरुत्वानं उजेड वाकून मागचा तारा मधेच उजळायला पाहिजे, असं उजळणं शोधणाऱ्या ओगल दुर्बिणवाल्यांनी २० वर्षं मॅगेलनी मेघाकडं (शेजारची छोटी दीर्घिका) बघून २०२४ ला सांगितलं की त्या वजनाच्या पट्ट्यातली विवरं डार्क मॅटरचा फार तर १० टक्के भाग. लायगोवाली त्यातच येतात. सुबारू दुर्बिणीनं तसंच उजळणं शोधत देवयानी दीर्घिकेकडं एका रात्रीत सात तास बघितलं तर संशयित एकच. उरली लघुग्रहाएवढ्या वजनाची, आकार अणूएवढा, ती ताऱ्यासमोरनं गेली तरी उजेडात काही कळत नाही.

होटगीरोडवाला
मग खिडकी उघडी आहे की! जड विवरांचं मागं घेतो, बारक्यांचं नाही.

सातरस्ता_०७
अजून कुणी बंद केली नाही म्हणून उघडी आहे.

होटगीरोडवाला
पुतण्या विचारतोय, अणूएवढं विवर गच्चीवरून गेलं तर आवाज येईल का. चाटीगल्ली, हे तुम्हीच सांगा, मी झोपतो, लाईट आलीय.