मदत हवी आहे: मेमरी कार्डावर नवीन काहीच सेव्ह होत नाही

मंडळी नमस्कार. मी फोंड्याचा, आमच्याकडची भजनं आणि जत्रेतली नाटकं कॅमेऱ्यावर टिपून ठेवतो. त्यातलं ६४ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड आता नवीन काही घेतच नाही. एरर येत नाही, हेच विचित्र. फाईल कॉपी होते, फोल्डरमध्ये दिसतेही; कार्ड काढून परत घातलं की गायब! उलट डिलीट केलेले फोटो जसेच्या तसे हजर. कॉम्प्युटर फॉरमॅट झाल्याचं सांगतो, तरी आत सगळं तेच.

अ‍ॅडॉप्टरच्या लॉकची खिटी वर आहे, म्हणजे लॉक उघडं आहे, रीडरही बदलून पाहिला. एका फाईलच्या ४ जीबीच्या मर्यादेचा (जुन्या फॅट३२ फॉरमॅटमधल्या) प्रश्न नाही. कार्ड एक्सफॅट फॉरमॅटचं आहे, त्यात ती मर्यादा नाही, आणि साधी टेक्स्ट फाईलही टिकत नाही.

कार्डातली फ्लॅश मेमरी झिजली की कंट्रोलर (कार्डाचं काम चालवणारी आतली चिप) कार्डावर लिहिणंच बंद करतो, असं वाचलंय. हे तेच असेल का? की अजून काही करून पाहण्यासारखं आहे? जुनं रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर घेतलंय, त्याची काळजी नाही.

वास्कोचा सप्ताह तोंडावर आलाय, चोवीस तास अखंड भजन. एवढ्या रेकॉर्डिंगला हाय एन्ड्युरन्स कार्ड (सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं, जास्त टिकणारं) घ्यावं का? पणजी-म्हापशात अस्सल कार्ड खात्रीने कुठे मिळेल तेही कृपया सांगा.