ई.टी. बिचारा उगाच बदनाम

सगळ्यात भिकार व्हिडिओ गेम कोणता, या प्रश्नावर वर बहुतेकांनी १९८२ च्या ‘ई.टी.’चं, म्हणजे त्याच नावाच्या सिनेमावरून अटारीने काढलेल्या गेमचं, नाव घेतलंय. मला नाही पटत. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या प्रोग्रामरने जेमतेम ५ आठवड्यांत, नाताळ गाठायचा म्हणून उरकलेला गेम तो. सारखं खड्ड्यात पडायला होतं, कबूल. पण खेळून पुरा तरी करता येतो!

माझं मत २००३ च्या ‘बिग रिग्ज’ला. ट्रकांची शर्यत, आणि समोरचा ट्रक जागचा हलतच नाही. नंतर दुरुस्ती आली, तर तो निघायला लागला, पण शेवटच्या रेषेआधीच उभा! आपला ट्रक डोंगरावर सरळ चढतो, पुलातून खाली जातो, रिव्हर्सला तर वेगाची मर्यादाच नाही. (असा ट्रक असता तर कशेडीचा बोगदा खणायला नको होता.) खोक्यावर पोलिसांना चुकवायच्या बाता, आत पोलीस औषधालाही नाही.

मालवणात मे महिन्यात मामाकडे आम्ही ‘९९९९ इन १’वाली कॅसेट खेळायचो. त्यात खरे गेम मोजून पाचेक, बाकी तेच नावं बदलून. फसवणूकच ती, पण निदान समोरचा हलायचा तरी.