मुलीचं वजन ४८ किलो, सर म्हणतात ४३ च्या गटात उतरव. काय करू?

आशाताई (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार. मी गावात आशा सेविका आहे. माही मोठी पोरगी दहावीत आहे, पंधरा पूर्ण. हनुमानाच्या देवळामागं आखाडा आहे, तिथं ती सहावीपासून मामासंग जाते. मातीत पोट्ट्यांसोबतच लढते. एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) चांगला बसतो तिचा, असं मामा म्हणतो. पोळा झाला की शालेय स्पर्धा लागतात. तालुक्याले तिच्या वजनात पोरी कमी, कधी कधी कुस्ती न होताच पुढे चाल मिळते. खरी कुस्ती यवतमाळले, जिल्ह्यावर.

आज तिचं वजन ४८ किलो २०० ग्रॅम आहे. सतरा वर्षांखालच्या मुलींत ४९ चा गट आहे, त्यात ती सरळ बसते. पण शाळेतले सर म्हणतात, ४६ आणि ४९ मधल्या पोरी तयारीच्या आहेत, ४३ मध्ये जिल्ह्यात कोणी नाही, तिथं नाव टाकू. राज्यावर पोचली तर दहावीचे वाढीव गुण मिळतील. पाच किलो, अन् हाती दोन आठवडेही नाहीत.

उन्हाळ्यात ती ५० होती. तेव्हापासून रात्री अर्धी भाकर खाऊन उठते. आता तर सायंकाळी काहीच नाही. रेनकोट घालून डांबरी रोडवर धावते, पाणी मोजून पिते. ओठ फुटले आहेत. परवा प्रार्थनेच्या वेळी चक्कर आली म्हणून खाली बसली. मी उपकेंद्रात तिचं हिमोग्लोबिन पाहून घेतलं, १०.२ निघालं. गावातल्या पोरींना दर आठवड्याला निळी गोळी मी वाटते, बारापेक्षा कमी म्हणजे रक्त कमी हे घरोघरी मीच सांगते. माह्याच घरी १०.२.

तिचे बाबा म्हणतात सरांना जास्त कळते. सर म्हणतात, अमन सेहरावत पैलवानानं पॅरिस ऑलिम्पिकले एका रातीत साडेचार किलो उतरवले अन् मेडल आणलं. पोरगी सरांच्या शब्दाबाहेर नाही, मी बोलले तर रडते. कुस्तीतल्या जाणत्या लोकांनी सांगा, हे बरोबर आहे का? अन् नसेल तर सरांना काय म्हणू?

लालमाती (अकोट)

ताई, पोरीचं वजन तोडू नका.

सरांले एवढं इचारा, ४३ चा गट यवतमाळले रिकामा असन, पण अमरावतीले विभागावर रिकामा हाये का? तिथं अकोला, बुलडाणा, वाशिम, अमरावतीच्या पोरी येतीन. त्यायचं वजन घरूनच ४३-४४ राह्यते. त्या पोटभर जेवून उभ्या राह्यतीन अन् आपली उपाशी. जिल्ह्यावरचं एक मेडल भेटन, राज्य नाही भेटत अशानं.

दुसरी गोष्ट वजनाच्या टायमाची. पह्यले आदल्या दिवशी सायंकाळी वजन व्हायचं. रातभर पानी, दूध, खानं घेऊन पैलवान सकाळपर्यंत थोडाफार सावरे. २०१८ पासून जागतिक संघटनेनं ते बदलवलं. ज्या दिवशी कुस्ती, त्याच दिवशी सकाळी वजन. लय जनांच्या डोक्यातून जुना हिशोब अजून गेला नाही. काट्यावरून उतरली का दोन-तीन घंट्यात शिट्टी वाजते. तेवढ्यात सुकलेलं आंग भरत नाही, कितीबी पानी पाजा.

पाच किलोत चरबी कितीक जाईन? जाते ते पानी अन् ताकद. तिची कुस्ती म्हनजे दोन-दोन मिनिटाच्या दोन फेऱ्या, मधात तीस सेकंद. पह्यली फेरी रगीवर निघून जाईन. दुसऱ्या फेरीत पट टाकाले वाकली का मान खाली जाईन, अन् समोरची मागून येऊन दोन गुन घेईन. तिथंच भारंदाज मारला, म्हनजे कमरेले विळखा घालून लोळवलं, का अजून दोन. दहाचा फरक पडला का कुस्ती खतम. मी हे बाहेर बसून लय वेळा पाह्यलं. पोरीले काही येत नव्हतं असं नाही, तिच्यात जीवच उरला नव्हता.

कापूसवाला पैलवान (वणी)

लालमाती भाऊंचा मान ठेवून सांगतो, वजन तोडल्याशिवाय वर कोणी जात नाही. माझा मुलगा राज्यावर खेळला, दोन किलो उतरवायचा, काही झालं नाही. सर पोरीचं भलंच पाहत आहेत. एवढं घाबरू नका.

खडू-शिट्टी (अमरावती)

मी शारीरिक शिक्षण शिकवतो, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. वणीच्या भाऊंना नम्रपणे सांगतो, वाढ झालेल्या मुलाचे दोन किलो आणि ४८ किलोच्या पंधरा वर्षांच्या मुलीचे पाच किलो ही एकच गोष्ट नाही. हे तिच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त आहे.

आता सरांच्या पॅरिसच्या उदाहरणाकडे येऊ. अमन तेव्हा २१ वर्षांचा होता, सोबत अनुभवी प्रशिक्षक होते, रात्रभर एकेक तास त्याच्यावर नजर होती. त्याच स्पर्धेत, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, विनेश फोगाटसोबतही जाणती माणसं होती. तिनं रात्रभर घाम गाळला, केस कापले, तरी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि ५० किलोच्या अंतिम कुस्तीआधीच ती बाद झाली. आपले सर फक्त पहिलं उदाहरण देतात, म्हणून मला दुसरं सांगावं लागलं.

रेनकोट आजच काढून ठेवा, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान वजन उतरवताना मेले. रबरी सूट, गरम जागेत व्यायाम, पाणी बंद, हीच पद्धत. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली, आणि शरीरात पुरेसं पाणी आहे हे तपासूनच पैलवानाचा कमीत कमी गट ठरवायला लागले. श्रावण-भादव्यातल्या आपल्या दमट उकाड्यात रेनकोट घालून धावणं म्हणजे तेच करणं आहे.

आणखी एक, ताई. पाणी तोडलेलं असताना रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन असतं त्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं. ती नीट पाणी प्यायला लागली की पुन्हा तपासा.

खाकी (बुलडाणा जिल्हा)

ताई, तिची पाळी नियमित आहे का हे आधी विचारा. सर हे विचारणार नाहीत आणि तीही सांगणार नाही.

मी कुस्तीच्या जोरावर, खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून पोलिसात लागले. शाळेत असताना माझं वजन दर हंगामात खाली ओढलं जायचं. पाळी बंद झाली तेव्हा मला बरंच वाटलं, कारण स्पर्धेत अडचण नको. कोणी सांगितलं नव्हतं की शरीराला खाणं पुरत नाही तेव्हाच असं होतं, आणि त्या वयात हाडं भरायची ती भरत नाहीत. पुढे नडगीचं हाड साध्या सरावात चिरलं आणि एक अख्खा हंगाम गेला.

मुलींना आता पुढे खूप रस्ता आहे. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी. तुमची पोरगी दहावीत आहे, तिची खरी कुस्ती अजून सुरूच व्हायची आहे.

आशाताई (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे आभार. खाकीताई, विचारलं. दोन महिन्यांपासून पाळी आली नाही. दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी रोजच्या लोहाच्या गोळ्या लावल्या, महिन्यानं परत बोलावलं. चक्कर थांबेपर्यंत आखाडा बंद, नंतर हळूहळू, पण उपाशी नाही. तसं कागदावर लिहून दिलं. तो कागद घेऊन तिचे बाबा स्वतः शाळेत गेले. सर आधी नाराज झाले, पण रक्ताचा आकडा पाहिल्यावर गप्प बसले. ४३ चं नाव टाकलं नाही.

आता अडचण दुसरीच. पोटभर जेवायला लागली तर चार दिवसांत ४९ किलो ३०० भरली. म्हणजे ४९ पण गेला, आता ५३. यंदा नाव मागं घेऊ का? ती म्हणते, हरली तरी चालेल, खेळायचंच. अन् खायला काय देऊ? आम्ही तीन एकर कोरडवाहूवाले, बदाम-तूप रोज जमत नाही.

लालमाती (अकोट)

डॉक्टर मॅडमनं हो म्हटलं तरच खेळवा, ५३ मधीच. तीनशे ग्रॅमसाठी पुन्हा ताटावरून उठवू नका.

बदामाची काही गरज नाही. सकाळी भिजवलेले चने अन् गूळ, दोन्ही जेवनात भाकर अन् तुरीचं घट्ट वरन, आखाड्यातून आल्यावर शेंगदाने, केळं, जमलं तर दोन अंडे. घरी म्हैस असन तं दूध हायेच. गोळी चहासंग देऊ नका, लिंबूपान्यासंग द्या, हे तुमाले माह्यापेक्षा जास्त मालूम. पानी मोजू नका.

कुस्तीचं सांगतो. ५३ ची पोरगी तिले रेटन. तिच्यासंग छातीले छाती लावून जोर कराचा नाही, वजनात मार खाईन. मातीत पोरं रेटत रेटत मागं गेले तरी काही जात नाही, मॅटवर पाय गोलाबाहेर पडला का एक गुन गेला. मामाले सांगा, आखाड्यात चुन्यानं नऊ मीटरचा गोल आखा. काठाजवळ आली का सरळ मागं जाऊ नये, बाजूनं फिरून मधात यावं, याचीच रोज सवय लावा. समोरची रेटाले आली का तिचा एक पाय पुढं येते, तवाच एकेरी पट. पाय भेटल्यावर तिथं थांबू नये, लगेच मागं जाऊन ताबा घ्यावा, दोन गुन घ्यावे अन् उठावं. खाली जास्त वेळ राह्यली तं जड पोरगी वर बसन.

दारव्ह्याले कोन्या शाळेत मॅट असन तं स्पर्धेआधी तिले एकदोनदा तिथं नेऊन आना. मातीवरच्या पोरीचा पाय मॅटवर पह्यल्यांदा अडकते, बूट घालून तं जास्तच. बूट नवे घेतले असतीन तं आतापासूनच घालू द्या.