मदत हवी आहे: नवरा पोर्तुगीज नागरिक, मी भारतीय, जर्मनीत नोंदणी कशी करायची?

म्हादईकाठ
नमस्कार मंडळी. नवऱ्याला आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व मिळालंय, माझा पासपोर्ट भारतीय. लग्नाची नोंद फोंड्याची. त्याला श्टुटगार्टला पूर्णवेळ नोकरी मिळाली आहे, मीही सोबत जाणार. एजंट म्हणतो फॅमिली रीयुनियन व्हिसा, त्यासाठी जर्मन भाषेची ए१ (प्राथमिक पातळीची) परीक्षा, आणि लग्नाच्या दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात दाखवायची सरकारी मोहोर. हे बरोबर आहे का? आधी पोर्तुगालमध्ये राहावं लागतं असंही ऐकलं. आणि तिथे पोचल्यावर कुठल्या कचेरीत आधी जायचं?

नेकारतीर
एजंटाने सांगितलेला रस्ता जर्मन नागरिकाच्या किंवा तिथे नोकरी करणाऱ्या भारतीयाच्या बायकोसाठी आहे. तुमचा नवरा ईयूचा, म्हणजे युरोपीय संघाचा नागरिक असून स्वतःच्या देशाबाहेर, दुसऱ्या ईयू देशात कामाला चाललाय. म्हणून तुम्हाला २००४/३८ हा ईयूचा मुक्त संचाराचा निर्देश लागू होतो. ए१ लागत नाही, व्हिसाचं शुल्क नाही, तो नोकरीत असल्याने उत्पन्नाची किमान अटही नाही. जोडीदार आधी दुसऱ्या ईयू देशात कायदेशीरपणे राहिलेला असावा, ही अट युरोपीय न्यायालयाने २००८ च्या मेटॉक निकालात मोडीत काढली. उलट पोर्तुगालमध्येच स्थायिक झालात तर हा निर्देश लागूच होत नाही, तिथे त्यांचा देशी कायदा.

तुम्ही अर्ज करायचा तो शेंगेन, म्हणजे अल्पमुदतीच्या व्हिसाचा. त्याच्या फॉर्मवर ताराचिन्ह असलेले रकाने ईयू नागरिकाच्या कुटुंबीयांनी भरायचे नसतात. तुमचा पासपोर्ट, त्याच्या पासपोर्टची प्रत, लग्नाचा पुरावा आणि 'पत्नी माझ्यासोबत येत आहे' असं त्याच्या सहीचं पत्र द्या. नोकरीचा करार जोडलात तर उत्तम. हॉटेल बुकिंग, बँक स्टेटमेंट, प्रवास विमा मागण्याचा अधिकार व्हिसा देणाऱ्यांना नाही. मागितलंच तर अर्जावर निर्देशाचा क्रमांक ठळक लिहा, वाद घालत बसू नका.

दाखलेवाली
अपॉस्टिलबद्दल नीट वाचा, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. भारत २००५ पासून हेग अपॉस्टिल करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतलेला आहे. त्यामुळे भारतीय अपॉस्टिल जर्मनीत चालत नाही. गोव्याचा दाखला थेट पुढे केलात तर तिथली कचेरी तो भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत पडताळणीला पाठवू शकते. खर्च तुमचा, आणि त्यात महिने जातात.

म्हणून निघण्याआधी लग्नाची नोंद पोर्तुगालच्या नागरी नोंदवहीत चढवून घ्या. पणजीतल्या पोर्तुगीज वकिलातीत चौकशी करा. पोर्तुगाल भारतीय अपॉस्टिल मानतो, तेव्हा एजंटाचं अपॉस्टिल इथे कामाला येईल. नोंद झाली की मिळणारा दाखला पोर्तुगीज, म्हणजे ईयू देशाचा. १६ फेब्रुवारी २०१९ पासून लागू असलेल्या ईयू नियम २०१६/११९१ प्रमाणे अशा दाखल्याला दुसऱ्या ईयू देशात अपॉस्टिल लागत नाही. सोबत बहुभाषिक फॉर्म मागून घ्या, मग सहसा भाषांतरही लागत नाही.

ही नोंद नसेल तर पोर्तुगालच्या कागदावर तुमचा नवरा अविवाहितच राहतो. जर्मनीच्या रहिवासी नोंदवहीत लग्न चढलं नाही की त्याचा पगार एकट्या माणसाच्या करवर्गात, म्हणजे क्रमांक १ मध्ये कापला जातो.

म्हादईकाठ
फार मोलाची माहिती, आभार. एक अडचण: त्याच्या पोर्तुगीज पासपोर्टवर आडनाव कामोतीं, माझ्या पासपोर्टवर कामत.

दाखलेवाली
कामत-कामोतीं, नाईक-नाईकी, प्रभू-पोरोबो, गोव्यात ही तफावत घरोघरी आहे. त्याच्या नावाला हात लावू नका, ते त्याच्या पोर्तुगीज जन्मनोंदीवरून आलंय. तुमचं आडनाव वेगळं असणं हा दोष नाही. पाहायचं ते एवढंच, की पोर्तुगीज विवाहनोंदीत तुमचं नाव आणि जन्मतारीख तुमच्या भारतीय पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर उतरली आहे. दाखला हातात आला की काउंटरवरच ताडून पाहा. चूक राहिली तर नोंद पोर्तुगालमध्येच दुरुस्त करावी लागते. भारतीय नोटरीच्या प्रतिज्ञापत्राला जर्मनीत फारसं वजन नसतं.

नेकारतीर
आता तिथला क्रम. राहत्या घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोत (नगरपालिकेच्या नागरिक सेवा कचेरीत) पत्त्याची नोंद, म्हणजे आन्मेल्डुंग. दोघांनी एकत्रच करा. तिथे घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार पुरत नाही. त्यावर राहायला आल्याची तारीख आणि दोघांचीही नावं हवीत. बायकोचं नाव राहून गेलं म्हणून परत पाठवतात. घर ठरवतानाच मालक हा फॉर्म देणार का ते विचारा, तात्पुरत्या खोल्या देणारे बरेचदा नकार देतात.

नवऱ्याचं यापुढे काही नाही. ईयू नागरिकांना जर्मनी वेगळा वास्तव्य दाखला देत नाही, २०१३ पासून तो बंद आहे.

तुम्ही मात्र प्रवेशानंतर तीन महिन्यांच्या आत परदेशी नागरिक कचेरीत 'आउफएंटहाल्ट्सकार्टे', म्हणजे ईयू नागरिकाच्या कुटुंबीयांचं वास्तव्य कार्ड मागायचं. 'आउफएंटहाल्ट्सएरलाउबनिस' हा वेगळा वास्तव्य परवाना, तो जर्मनीच्या देशी कायद्यातला. ऑनलाइन वेळ घेताना यादीत तोच आधी दिसतो आणि तो निवडला की मग उत्पन्न, भाषा सगळं विचारलं जातं. सोबत पासपोर्ट, बायोमेट्रिक फोटो, पत्त्याची नोंद, पोर्तुगीज विवाह दाखला, त्याचा पासपोर्ट आणि नोकरीचा पुरावा न्या.

माहिती पूर्ण दिलीत की कचेरीने लगेच तसं प्रमाणपत्र द्यायचं असतं आणि सहा महिन्यांत कार्ड. कार्ड साधारण पाच वर्षांचं. काम करण्याचा हक्क कार्डामुळे नाही, नात्यामुळे मिळतो, म्हणून पहिल्या दिवसापासून नोकरी धरता येते. नवी कंपनी कार्डासाठी अडली तर हेच प्रमाणपत्र दाखवा.

एक जपा: व्हिसा संपलेला आणि कार्ड आलेलं नाही, अशा मधल्या काळात भारतात फेरी नको. नुसत्या त्या प्रमाणपत्रावर परतीच्या विमानात सहसा बसू देत नाहीत.